एकटाकी लिहिलंय म्हणे!

परवा एका कथावाचनाला गेलो होतो. कुठल्या ते सांगत नाही, कारण आयोजक ओळखीचे आहेत आणि मध्यंतरातले बटाटेवडे खरोखर उत्तम होते. तर तिथे एका लेखक महाशयांनी कथा वाचायला घेण्याआधी जाहीर केलं, "ही कथा मी एकटाकी लिहिली. एका रात्रीत. नंतर एक शब्दसुद्धा बदलला नाही."

आणि टाळ्या पडल्या!

कथा अजून सुरूही झाली नव्हती हो. टाळ्या कशाला होत्या? शब्द न बदलल्याला. मग त्यांनी कथा वाचली. तिसऱ्या मिनिटाला मला शेवट कळला होता, पाचव्या मिनिटाला शेजारच्या काकांनाही कळला (ते मला कोपराने ढोसून म्हणाले, "म्हातारा मरतोय बघा"). म्हातारा मेला. परत टाळ्या.

घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. बायको म्हणाली, तुला लोकांचं कौतुक बघवत नाही. असेलही. पण दोन दिवस झाले तरी राग उतरेना, तेव्हा आता लिहूनच टाकतो. (आणि हो, हा लेख चार वेळा लिहिलाय. टाळ्या नकोत.)

एकटाकी म्हणजे एका टाकानं लिहिलेलं. टाक म्हणजे आपला जुना शाईत बुडवायचा लेखणीचा टाक. शब्द सुंदर आहे, तक्रार शब्दाबद्दल नाही. तक्रार आहे त्यामागच्या समजुतीबद्दल. ती समजूत अशी, की गोष्ट 'आतून' यावी लागते. आली की ती पूर्ण असते. तिच्यावर पुन्हा हात फिरवणं म्हणजे बनावटगिरी, कारागिरी. आणि कारागीर हा शब्द आपण लेखकाबद्दल वापरला तर ती चक्क शिवी असते!

गंमत म्हणजे ही सवलत आपण दुसऱ्या कुणालाही देत नाही. माझी पुतणी गाणं शिकते. प्रवेशिकेची परीक्षा जवळ आली की घरात पहाटे साडेपाचला भूप सुरू होतो. चार महिने तोच भूप. आख्ख्या बिल्डिंगला तो पाठ झालाय. तिने जर सांगितलं, "मी रियाज नाही करत, माझं आतून येतं," तर तिच्या गुरुजींच्या आधी आमची वहिनीच तिला दोन लगावेल. पुरणपोळी पहिल्यांदा फाटते, दहाव्यांदा फाटत नाही, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. लेथवर काम करणाऱ्या माणसाला माहीत आहे. गाडी शिकणाऱ्याला माहीत आहे. फक्त गोष्ट लिहिणाऱ्याला माहीत नसतं, कारण त्याला मराठी लिहिता येतं ना! शाळेत निबंधाला चांगले मार्क होते ना! झालं तर मग.

आता दुसऱ्याला शिव्या घालून झाल्या, स्वतःकडे वळतो. कारण हा राग त्या महाशयांवर जेवढा आहे त्याहून जास्त माझ्यावर आहे.

२००९ साली मी एक कथा लिहिली. एकटाकी. एका रविवारी दुपारी बसलो आणि संध्याकाळी उठलो. ती एका छोट्या दिवाळी अंकात छापूनही आली. आमच्या नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांनी ती वाचली आहे, त्यांना आठवत असेल. आजोबांच्या पिठाच्या गिरणीवरची.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: कराडकडच्या एका गावात आमच्या आजोबांची गिरणी होती. १९८७ च्या उन्हाळ्यात आजोबा गेले. मी नऊ वर्षांचा होतो. माझ्या कथेत आजोबा गेल्यावर आजी बंद गिरणीत जाऊन बसते, थंड पडलेल्या पट्ट्यावरून हात फिरवते, तिच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागते, आणि ती नातवाला जवळ घेऊन म्हणते की बाळा, तुझ्या आजोबांचा श्वास म्हणजेच ही घरघर होती, आता माझ्या आयुष्याची गिरणी कायमची बंद झाली. वगैरे. दीड पानभर आजी बोलते. शेवटी खिडकीतून उन्हाची तिरीप येते आणि त्यात पिठाचे कण तरंगतात. (तिरीप नसेल आणि त्यात काही तरंगत नसेल तर ती मराठी कथाच नाही, असं तेव्हा माझं मत असावं.)

कौतुक झालं. मावशीचा फोन आला, ती रडत होती. काकांनी पाच अंक विकत घेतले. ऑफिसात एकाने झेरॉक्स काढून वाटली. मी महिनाभर जमिनीपासून दोन बोटं वर चालत होतो.

फक्त आत्याचा फोन आला नाही. शेवटी मीच केला. म्हटलं, "वाचलीस का?"

"वाचली."

"मग?"

आत्या जरा थांबली आणि म्हणाली, "ती कोण बाई आहे रे?"

मला कळेना. म्हटलं, "आजी आहे. आपली आजी."

"आई अशी बोलायची नाही. आईनं जन्मात कधी कुणाला 'बाळा' म्हटलं नाही, तुला तर 'मुडद्या' म्हणायची. आणि ती रडत बसली नव्हती. गिरणी तिनं चौथ्या दिवशी उघडली."

मग आत्यानं सांगितलं ते असं. आजोबा गेले तेव्हा गिरणीत लोकांचे डबे रांगेला लागलेले होते. सतरा डबे. गावात दुसरी गिरणी नव्हती. तीन दिवस ती दळणं तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परत आली, आणि चौथ्या दिवशी सकाळी आजीनं किल्ली घेतली. भावकीतले लोक म्हणाले, अजून सुतक आहे, असं कसं करता? तेव्हा आजी म्हणाली, "मानूस माजं गेलंय. लोकांच्या भाकरीनं काय घोडं मारलंय?" आणि तिने ज्वारीचे डबे एका बाजूला, गव्हाचे एका बाजूला लावले. कारण बाजरीवर गहू पडला की बायका भांडतात, आणि आजोबा हयातभर हा क्रम सांभाळायचे. दुपारी लाइट आली. गड्यानं मोटर चालू केली. आजीनं सतरा दळणं वजन करून घरोघर पोचती केली. पैसे घेतले नाहीत? घेतले की! प्रत्येकाचे घेतले. वहीत मांडले.

मी फोन धरून गप्प. आत्या म्हणाली, "तू लिहिलंस ते वाईट नाही. पण त्यात आई नाही."

मंडळी, मला आजवर मिळालेलं हे सगळ्यात खरं समीक्षण. आणि ते देणारी बाई सातवी शिकलेली आहे.

त्या रात्री झोप लागली नाही. आधी राग आला (अर्थातच आत्याचा). मग लाज वाटली. मग एक प्रश्न पडला, जो अजून गेलेला नाही. मी जर 'आतून' लिहिलं होतं, तर ती 'बाळा' म्हणणारी बाई माझ्या आत आली कुठून? माझ्या आत तर मुडद्या म्हणणारी आजी होती! मी तिच्या मांडीवर वाढलो होतो!

उत्तर नंतर सुचलं, आणि या लेखात मला सांगायचंय ते एवढंच आहे. पहिल्या झटक्यात जे येतं ते आतून आलेलं नसतंच. ते बाहेरून आलेलं असतं. आपण वाचलेल्या कथा, बघितलेल्या मालिका, ऐकलेली कीर्तनं, शाळेतले निबंध, सगळ्याचा एक थर डोक्याच्या अगदी वरवर साचलेला असतो. पेन टेकवलं की तोच पहिल्यांदा उतरतो. रडणारी म्हातारी, उन्हाची तिरीप, थरथरते ओठ. हे कुणाचंच नसतं आणि सगळ्यांचं असतं. म्हणून तर ते भराभर येतं! आपली स्वतःची गोष्ट त्याच्या खाली असते आणि ती लवकर वर येत नाही. तिला खणावं लागतं. दुसरा खर्डा, तिसरा खर्डा म्हणजे दुसरं काही नाही, हे खणणं. लोक समजतात की पुन्हा लिहिणं म्हणजे पॉलिश मारणं. अहो, उलट आहे. पहिला खर्डाच पॉलिश असतो. तो खरवडायचा असतो.

आणि न खरवडण्यात नुकसान फक्त कथेचं होत नाही. मी माझ्या आजीला एका भलत्याच बाईशी बदलून टाकलं, आणि छापून आलेलं खरं या नियमानं आमच्या घरातल्या पोरांना आता तीच बाई आजी म्हणून माहीत आहे. सतरा डबे दळून देणारी बाई माझ्या आळसामुळे दुसऱ्यांदा गेली. हे मी हलकं करून सांगू शकत नाही.

आता कुणीतरी म्हणेल, मोठ्या लेखकांचं वेगळं असतं, ते एका बैठकीत लिहितात. बरं, बघू.

चेखव. सव्वीस वर्षांचा डॉक्टर, विनोदी साप्ताहिकांना आठवड्याला गोष्टी पुरवत होता. १८८६ साली ग्रिगोरोविच नावाच्या एका बुजुर्ग लेखकानं त्याला आपणहून पत्र लिहिलं. स्तुती केली, आणि बजावलं की ही घाईची लिखाणं थांबव, वेळ घेऊन लिही. चेखवनं उत्तरात कबूल केलं की त्यानं एकाही गोष्टीला एका दिवसाहून जास्त वेळ दिल्याचं त्याला आठवत नाही. म्हणजे आमच्या महाशयांसारखाच, पक्का एकटाकी! फरक इतकाच की चेखवला याचा अभिमान वाटला नाही, शरम वाटली. पुढे १८९९ मध्ये समग्र लेखन छापायचा करार झाला तेव्हा त्यानं जुन्या गोष्टी पुन्हा दुरुस्त केल्या आणि कितीतरी गोष्टी सरळ बाहेर ठेवल्या.

हेमिंग्वे. 'अ फेअरवेल टू आर्म्स' ही १९२९ सालची कादंबरी. तिचं शेवटचं पान एकोणचाळीस वेळा लिहिलं असं त्यानं १९५८ च्या एका मुलाखतीत सांगितलं. लोकांना वाटलं, थापा मारतोय. २०१२ मध्ये त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात त्याच्या कागदांत सापडलेले शेवट छापले. ते भरले सत्तेचाळीस!

आणि आपल्याकडे? आपल्याकडे 'सत्यकथा' होती. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांना कथा परत पाठवायचे, सोबत पत्र, की अमुक पात्र असं का वागतं, तमुक प्रसंग इथे का आहे. लेखक चडफडायचे आणि पुन्हा लिहायचे. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडली. त्यानंतर आपल्याकडे कथा नाकारणारे संपादक थोडे राहिले आणि कथा परत करून 'पुन्हा लिही' म्हणणारे तर बोटांवर मोजावेत इतके. दिवाळी अंकांना पानं भरायची असतात, आपल्याला नाव छापून हवं असतं. दोघंही खूश. बसतो तो फक्त वाचक, बटाटेवड्याची वाट बघत.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल एकांगी लिहितो. श्यामची आई! साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली पाच दिवसांत लिहिली. हे उदाहरण मला दर वेळी ऐकवलं जातं. खरं आहे. पण तुरुंगात जाण्याआधीची वर्षं गुरुजी अमळनेरला शाळेत आणि वसतिगृहात मुलांमध्ये राहत होते आणि मुलांना गोष्टी सांगत होते. समोरच्या पोराचं लक्ष कुठे उडतं, कुठे डोळे भरतात, हे रोज बघणाऱ्या माणसाला कागदावरच्या खर्ड्यांची गरज कमी लागते, त्याचे खर्डे हवेत झालेले असतात. आपण कुठे मुलांना गोष्टी सांगतो? आपण तर त्यांना मोबाइल देतो.

हेही कबूल, की जास्त कानस मारूनही गोष्ट मरते. 'सत्यकथे'चा पुढे साचा झाला अशी टीका झाली आणि ती अगदीच खोटी नव्हती. साठच्या दशकाच्या अखेरीस लघुनियतकालिकवाली तरुण मंडळी त्यामुळेच तिच्यावर तुटून पडली. तिकडे अमेरिकेत रेमंड कार्व्हरच्या १९८१ सालच्या कथासंग्रहातल्या काही कथा संपादक गॉर्डन लिशनं अर्ध्याहून जास्त कापल्या. २००९ मध्ये मूळ रूपं छापून आली तेव्हा कुठलं चांगलं यावर लोक भांडले. तेव्हा धोका आहे. पण खरं सांगा, आपल्या घरात, आपल्या ओळखीत, जास्त कानस मारून मेलेली कथा तुम्ही शेवटची कधी वाचलीत? आपल्या कथा उपाशी मरतायत आणि आपण अजीर्णाची चिंता करतोय!

मग करायचं काय? मी काही गुरुजी नाही. पण माझ्यापुरती चार कामं ठरवली आहेत.

पहिलं म्हणजे गोष्ट मोठ्याने वाचणे. दार लावून, खोलीत एकटं. जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य खोटं असतं, दहातले नऊ वेळा.

दुसरं म्हणजे संवादातली नावं हाताने झाकणे आणि कोण बोलतंय ते ओळखता येतं का बघणे. माझ्या कथेत आजी, गडी, सरपंच आणि नऊ वर्षांचा पोरगा, चौघंही पुण्याच्या सदाशिव पेठेत वाढल्यासारखे बोलत होते. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) घ्या. कौतिक तोंड उघडते आणि वऱ्हाड उभं राहतं, वर्णनाची गरजच पडत नाही. माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ सालची, भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' १९६५ सालचा. तिन्हीकडची मराठी वेगळी, आणि तिन्ही कानाने लिहिलेल्या. हा कान उपजत नसतो हो. एसटीत बसून, लग्नात पंगतीला बसून, गप्प राहून मिळतो. आपण लेखक लोक गप्प बसत नाही, हीच तर अडचण!

तिसरं म्हणजे पहिली सुचलेली उपमा खोडणे. निर्दयपणे. ती आपली नसते.

चौथं आणि सर्वांत अवघड: ज्याला ते माहीत आहे त्याला विचारणे. मी गिरणीवर कथा लिहिली आणि एका गिरणीवाल्याला विचारलं नाही! नंतर आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत जाऊन बसलो, दोन रविवार. तेव्हा कळलं की दगड झिजून गुळगुळीत झाले की पीठ भरड येतं आणि हाताला चटका बसेल इतकं गरम येतं. मग गिरणी थांबवून वरचा दगड उचलायचा आणि टाकी घेऊन एकेक घाव घालत त्याला पुन्हा खरबरीत करायचं. जात्यालाही असंच करायचे. टाकी म्हणजे छिन्नी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, मूर्तीबद्दल आहे असं समजून सोडून देतो. तिथे बसल्यावर वाटलं, देवपण राहू दे, टाकीशिवाय साधं भाकरीचं पीठसुद्धा निघत नाही! आणि आम्ही मिरवतोय एकटाकी.

आता नातेवाइकांना एक हात जोडून विनंती. (मावशी, काका, तुम्ही वाचताय हे माहीत आहे.) माझं काहीही वाचलं की तुम्ही "छान!" म्हणता. प्रेमाने म्हणता. पण त्या "छान"नं माझं वाटोळं केलंय. त्याऐवजी कुठे कंटाळा आला ते सांगा. कुठे झोप लागली ते सांगा. "हे असं नव्हतं रे" असं जिथे वाटलं ते नक्की सांगा. मी दोन दिवस तोंड फुगवून बसेन, मग येईन. आणि लिहिणाऱ्या दोस्तांनो, तुमचं-माझं ठरलेलं आहे ना, तू माझं छान म्हण, मी तुझं म्हणतो? ते आजपासून रद्द.

गिरणीची कथा पुन्हा लिहितोय. पाचवा खर्डा मागच्या महिन्यात झाला. तिरीप गेली, अश्रू गेले, दीड पानाचं भाषण गेलं. आजी आता सबंध कथेत सहा वाक्यं बोलते. आत्याचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे, तिला वाचता येत नाही फारसं, म्हणून तिच्या घरी जाऊन वाचून दाखवली. डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं झोपली.

मग म्हणाली, "अठरा."

"काय अठरा?"

"अठरावा डबा आमचा होता. घरातलंही पीठ संपलं होतं. तो तिनं सगळ्यात शेवटी दळला."

छान म्हणाली नाही. पण हे तिनं २००९ मध्ये सांगितलं नव्हतं.

असो. सहावा खर्डा घेऊन बसतो.